ऐकलेल्या गाण्याची साक्ष

१

गाणे संपले म्हणजे त्याचे काय उरते, हा प्रश्न जितका संगीतशास्त्राचा तितकाच वाङ्मयाचाही आहे. चित्र भिंतीवर राहते, मूर्ती देवळात राहते, काव्य पोथीत राहते. मैफल मात्र तंबोरे गवसणीत जाण्यापूर्वीच संपलेली असते. तिच्यामागे राहतात ते ती ऐकलेले लोक. त्यांच्यापैकी एखाद्याने पुढे केव्हातरी लेखणी हाती धरली, तर संस्मरणीय मैफलीचे वर्णन म्हणून ओळखला जाणारा लेख जन्माला येतो. मराठीत असे लेखन विपुल आहे. गायकांची चरित्रे, रसिकांची आत्मचरित्रे, गौरवग्रंथ, मृत्युलेख आणि दिवाळी अंक यांतून ते शतकभर प्रसिद्ध होत आले आहे. परंतु वाङ्मय म्हणून त्याचा विचार क्वचितच झाला. संगीताचे अभ्यासक त्याच्याकडे माहितीचे साधन म्हणून पाहतात, आणि साहित्याचे समीक्षक ते संगीताच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. दोन घरचा पाहुणा उपाशी राहावा, तशी या लेखनाची अवस्था झालेली आहे.

ही उपेक्षा परवडण्याजोगी नाही, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन गुरूंकडून विद्या घेतली, १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली, आणि मराठी रंगभूमीच्या संगीताला वेगळे वळण दिले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) ध्वनिमुद्रणाच्या युगात चार दशकांहून अधिक काळ जगले. तरी त्यांचाही आवाज आज ऐकावयास मिळत नाही. या दोघांच्या शिष्यपरंपरा आहेत, बंदिशी आहेत. पण ते प्रत्यक्ष कसे गात, हे सांगणारा पुरावा एकच, आणि तो म्हणजे ऐकणाऱ्यांनी लिहिलेली वाक्ये. अशा प्रसंगी एखाद्या लेखकाने दोन विशेषणे लिहून वेळ मारून नेली, तर ती केवळ शैलीतील उणीव राहत नाही. ज्या ठिकाणी पुरावा असावयास हवा होता त्या ठिकाणी पोकळी निर्माण होते, आणि ती पुढे कोणालाही भरून काढता येत नाही. म्हणून या लेखनाची पारख करण्याची काही कसोटी असली पाहिजे. ती कोणती असावी, हा येथील प्रश्न आहे.

२

या लेखनातील सर्वांत रूढ प्रकार प्रशस्तीचा. बुवांनी त्या रात्री असा काही यमन गायिला की श्रोते देहभान विसरले. खाँसाहेबांच्या पहिल्याच षड्जाने सभागृह भारून गेले. पहाट केव्हा झाली ते कोणालाच कळले नाही. अशी वाक्ये वाचली नाहीत असा मराठी वाचक विरळा. त्यांत असत्य असते असे मुळीच नाही. श्रोते खरोखरच देहभान विसरले असतील आणि पहाटही खरोखरच झाली असेल. दोष दुसरीकडेच आहे. या वाक्यांतील गायकाचे नाव बदलून पाहावे. यमनाच्या जागी दरबारी घालावा, खाँसाहेबांच्या जागी बाईंचे नाव घालावे, पुण्याच्या जागी धारवाड किंवा इंदूर घालावे. वाक्याला धक्काही लागत नाही. जे वाक्य कोणाविषयीही खरे ठरते, ते कोणाविषयीच काही सांगत नाही.

प्रशस्तीचा उगम मैफलीतल्या 'दाद' देण्यात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे स्वरूप उलगडते. मैफलीत 'वा', 'क्या बात है' असे उद्गार निघतात तेव्हा ते योग्यच असतात. कारण ज्या जागेला ते दिलेले असतात ती जागा त्या क्षणी सर्वांच्या कानांत असते. उद्गाराला अर्थ येतो तो त्या जागेमुळे. लेखात मात्र ती जागा नाहीशी झालेली असते आणि उद्गार तेवढा शिल्लक राहतो. प्रशस्तिकार मैफलीत उत्तम श्रोता असू शकतो. कागदावरही तो श्रोत्याचेच काम करीत राहतो, आणि वाचकाला ऐकू काहीच येत नसते याचे त्याला भान राहत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शास्त्रकाराची नोंद आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९०४ साली दक्षिणेचा प्रवास केला आणि त्याची दैनंदिनी ठेवली. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची त्यांनी घेतलेली भेट संगीताच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. परंतु तेथे आलेला प्रवासी ऐकण्यापेक्षा विचारण्यासाठी आलेला आहे. त्याला ग्रंथ हवे आहेत, रागांची व्यवस्था हवी आहे, श्रुतींविषयीचे निश्चित उत्तर हवे आहे. भातखंड्यांचे कार्य एवढे मोठे आहे की त्यांच्याकडून आणखी काही मागणे कृतघ्नपणाचे ठरावे. तरीही एवढे नोंदविले पाहिजे की रागाचे व्याकरण शोधणाऱ्या कानाला मैफल हा आधार असतो, अनुभव क्वचितच असतो. प्रशस्तीत गाणे हरवते ते भावनेच्या पुरात, आणि शास्त्राच्या नोंदीत ते हरवते नियमाच्या आड.

३

या दोहोंच्या मधला जो प्रकार, त्याला साक्ष हे नाव शोभेल. साक्षीदाराला न्यायालयात पहिला प्रश्न विचारतात तो असा की, तू कोठे उभा होतास? मैफलीच्या लेखनालाही हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. लेखक कोठे बसला होता, त्याला कोणते कान होते, त्याला काय ऐकू आले नाही, आणि जे तेव्हा कळले नाही ते पुढे केव्हा कळले? ज्या लेखनातून या प्रश्नांची उत्तरे मिळतात, त्याला साक्षीचे मोल येते.

गोविंदराव टेंबे यांचा 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) हा ग्रंथ मराठीत अजून अग्रगण्य मानला जातो, याचे रहस्य त्यांच्या बसण्याच्या जागेत आहे. टेंबे नट होते, 'मानापमान' या नाटकाच्या चाली त्यांच्या होत्या, पण या ग्रंथाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ते हार्मोनियमचे वादक होते. साथीदाराला गायकाच्या मागोमाग जावे लागते. पुढची जागा कोणती येणार याचा अंदाज बांधावयाचा, तो चुकला तर क्षणार्धात सावरावयाचे, आणि तो खरा ठरला तरी आपले वाद्य गळ्याच्या पुढे जाऊ द्यावयाचे नाही, हे त्याचे रोजचे काम. अशा माणसाचे ऐकणे बोटांतून झालेले असते. म्हणून टेंब्यांच्या लेखनात गायकाची महती सांगितली जाते ती त्याच्या विचाराचा माग काढीत. हार्मोनियमच्या मर्यादाही या श्रोत्याला ठाऊक आहेत. जी मींड आपल्या पट्ट्यांवर येत नाही ती नेमकी कोणती, हे साथीदाराइतके अचूक दुसरा कोण सांगणार? स्वतःच्या हाताला न साधलेल्या गोष्टीतूनच दुसऱ्याच्या गळ्याचे मोठेपण मोजता येते, हा त्या ग्रंथाचा अप्रत्यक्ष धडा आहे.

केशवराव भोळे (१८९६–१९७७) यांची जागा निराळी. 'एकलव्य', 'शुद्ध सारंग' अशा टोपणनावांनी त्यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गायकांविषयी जे लिहिले, ते 'आजचे प्रसिद्ध गायक' या नावाने पुस्तकरूप झाले. या शीर्षकातील 'आजचे' हा शब्द मोलाचा आहे. दिवंगत गायकाविषयी काहीही लिहिता येते. वाचक ते पडताळून पाहू शकत नाही. हयात आणि गात्या गायकाविषयी लिहिताना मात्र वाचक दुसऱ्याच संध्याकाळी जाऊन लेखकाचे कान तपासून पाहणार, हे लेखकाला माहीत असते. त्या धाकामुळे भोळ्यांचे वाक्य आटोपशीर राहते. गुणांबरोबर दोष सांगणे त्यांना भाग पडते, आणि दोष सांगितल्यामुळे गुणांवर विश्वास बसतो. ज्या आठवणीत गायकाचा स्वर एकदाही हलत नाही, तान एकदाही फसत नाही, ती आठवण पुष्कळदा कानांनी ठेवलेली नसून भक्तीने घडविलेली असते.

वंगभाषेत अमियनाथ सान्याल यांचे 'स्मृतिर अतले' हे पुस्तक याच कारणासाठी स्मरणीय ठरले. सान्याल व्यवसायाने वैद्यकीय चिकित्सक आणि संगीताचे गाढे अभ्यासक. त्यांच्या पुस्तकाचा नायक ठुमरीचे अलौकिक गायक मौजुद्दीनखाँ. परंतु पुस्तकाची पकड मौजुद्दीनच्या वर्णनापेक्षाही तरुण श्रोत्याच्या घडणीत आहे. कलकत्त्यातील घरगुती बैठकांतून एक नवखा मुलगा हळूहळू ऐकावयास शिकतो, आणि गायकाची उंची वाचकाला कळते ती त्या मुलाच्या वाढत्या समजुतीच्या मापाने. हिंदीत विलायत हुसेनखाँ यांचे 'संगीतज्ञों के संस्मरण' हे पुस्तक १९५९ साली संगीत नाटक अकादमीने प्रसिद्ध केले. तेथे साक्षीदार स्वतःच घराण्यातील कलावंत आहे. त्यामुळे नाती, गुरुपरंपरा आणि तालीम यांविषयी त्याचा शब्द अधिकाराचा ठरतो, आणि श्रोत्याच्या बाजूचे चित्र मात्र तितकेसे उमटत नाही. दोष कोणाचाच नाही. आपापल्या जागेवरून जे दिसते ते दोघांनी सांगितले आहे. वाचकाने आणि समीक्षकाने ती जागा ओळखावयाची असते, इतकेच.

पु. ल. देशपांडे यांनी 'गणगोत' (१९६६) मधील 'रावसाहेब' या व्यक्तिचित्रात हीच गोष्ट विनोदाच्या अंगाने पण फार सखोलपणे साधली आहे. बेळगावचे रावसाहेब गायक नाहीत, वादक नाहीत. ते केवळ ऐकणारे आहेत. कानडी वळणाच्या त्यांच्या मराठीतून, त्यांच्या रागावण्यातून आणि गहिवरण्यातून एका पिढीचे ऐकणे वाचकापुढे उभे राहते. मराठीतील मैफलीच्या लेखनाला आपला खरा नायक कोण असावा हे या व्यक्तिचित्राने दाखवून दिले. तथापि पुढे ज्यांनी त्याचे अनुकरण केले, त्यांपैकी पुष्कळांनी त्यातील विनोद घेतला आणि श्रोता सोडून दिला.

४

आठवण साक्षीपासून दूर जाऊ लागली म्हणजे तिची दंतकथा कशी होते, याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे 'संयुक्त मानापमान'. कृ. प्र. खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी प्रथम रंगभूमीवर आले. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून त्याचा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. हा प्रयोग नाटकाचा खरा. पण त्या काळचा प्रेक्षक संगीत नाटक मैफलीसारखेच ऐके, पदांना पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' देई. म्हणून गाण्याच्या आठवणींत त्याचा समावेश करणे अयोग्य नाही.

या रात्रीविषयी शंभर वर्षे लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन एकाच प्रश्नाभोवती फिरते, आणि तो म्हणजे दोघांपैकी कोण सरस ठरला. केशवरावांचे चाहते एक सांगतात, बालगंधर्वांचे चाहते दुसरे सांगतात, आणि समन्वयवादी तिसरे सांगतात. केशवरावांच्या अकाली मृत्यूने त्या रात्रीला शोकांतिकेची कडा लाभली, आणि स्वराज्याच्या निधीमुळे तिला राष्ट्रीय महत्त्व आले. परिणाम असा झाला की ती रात्र आठवणाऱ्यांची संख्या ती पाहिलेल्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठी झाली. वडिलांनी सांगितलेले मुलाने स्वतः पाहिल्याप्रमाणे लिहिले, आणि नातवाने ते इतिहास म्हणून उद्धृत केले. चुरशीच्या प्रश्नापलीकडच्या अनेक गोष्टी मात्र अंधुक झाल्या. दोन निराळ्या गळ्यांसाठी साथ कशी जमविली, निराळ्या वळणाच्या दोन गायकांनी एकमेकांच्या पदांना कसा प्रतिसाद दिला, केशवराव गात असताना भामिनीच्या वेषातील बालगंधर्व रंगमंचावर काय करीत होते, या प्रश्नांना आजच्या नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने शर्यतीच्या निकालापेक्षा किती तरी अधिक महत्त्व आहे. निकालाची आठवण जितकी ठाम, तितकी ऐकण्याची आठवण पातळ होत जाते, हे यावरून दिसते.

दंतकथेला सरसकट तुच्छ लेखण्याचे कारण नाही. समाजाला गाण्याविषयी काय वाटत होते हे तिच्यातून कळतेच. पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न निराळा आहे. दंतकथा आणि साक्ष यांची सरमिसळ झाली, तर दोहोंचेही मूल्य जाते.

५

ध्वनिमुद्रणाने ही सारी चर्चा कालबाह्य ठरविली आहे, असा आक्षेप येथे येण्याजोगा आहे. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले, तेव्हापासून गाण्याची आठवण तबकडीवर ठेवण्याची सोय झाली. मग श्रोत्याच्या अविश्वसनीय स्मरणाची आवश्यकता काय?

आक्षेप दुबळा नाही. गदगमध्ये वाढत असलेल्या भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांना किशोरवयात अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतील ध्वनिमुद्रिका ऐकू आली आणि त्या गाण्याच्या ओढीने ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. एका तबकडीने जर एवढे घडवून आणले, तर तबकडीचे ऐकणे हे दुय्यम ऐकणे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु याच हकीकतीत उत्तरही दडलेले आहे. ती तबकडी त्या काळात हजारो घरांत वाजली असेल. त्या मुलाने ती कशी ऐकली हे मात्र तबकडीत नाही. ते त्याने पुढे सांगितले म्हणून आपल्याला कळले. यंत्र गाणे ठेवते. गाणे ऐकण्याची नोंद ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते, मग ते गाणे मैफलीतले असो वा तबकडीतले.

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे उदाहरण याहून बोलके आहे. तासन्तास चालणाऱ्या विस्तारासाठी त्यांची गायकी प्रसिद्ध. तबकडीची मर्यादा तीन-साडेतीन मिनिटांची. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्णमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. सूर्यमालेच्या सीमेपलीकडे आज जे भारतीय गाणे चालले आहे, ते गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचे. हा गौरव थोर आहे यात शंका नाही. पण ज्या श्रोत्याने केसरबाईंची संपूर्ण बैठक ऐकली, त्याची साक्ष त्या साडेतीन मिनिटांशेजारी ठेवल्यावाचून त्या मिनिटांचा अर्थही पुरता लागत नाही. ती मिनिटे कोणत्या विस्ताराचा संक्षेप आहेत हे ऐकणाऱ्याने सांगावयाचे असते. येथे साक्ष ही ध्वनिमुद्रणाची पूर्वतयारी नव्हे आणि पर्यायही नव्हे. ती त्याचे भाष्य आहे.

ध्वनिमुद्रणात कधीकधी श्रोताही सापडतो, आणि तेव्हा गंमत होते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी झालेल्या कार्यक्रमाला दोन खेळांत मिळून सुमारे ४०,००० श्रोते होते. आरंभी पं. रविशंकर, अली अकबरखाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये सुरात लावली, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सूर लावणे एवढे आवडले तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा आशयाचे सौम्य उद्गार रविशंकरांनी काढले; तेही मुद्रित झाले आहेत. हा प्रसंग सहसा परदेशी श्रोत्यांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्याकडे निराळ्या रीतीनेही पाहता येईल. वाद्य लागत असताना जे स्वर उमटतात ते ऐकावयाचे नसतात, हा भारतीय श्रोत्याचा संकेत आहे. कानाला तो उपजत नसतो. गाणे कोठून सुरू होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने सारेच ऐकले. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कोणी नंतर प्रामाणिकपणे आपली आठवण लिहिली, तर भारतीय संगीताच्या श्रवणाविषयी ती आपल्याला काही नवे शिकवू शकेल.

६

भारतातील विविध भाषांच्या वाचकांपुढे हे लेखन अनुवादरूपाने जाऊ लागले आहे, आणि तेथे एक विशेष अडचण उभी राहते. बा. र. देवधर यांचे 'थोर संगीतकार' (१९७४) आणि वामनराव देशपांडे यांची 'घरंदाज गायकी' (१९६१) ही पुस्तके इंग्रजीतून मराठीबाहेर गेली. देवधर आवाजाच्या शास्त्राचे अभ्यासक, देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस. दोघांचीही भाषा तर्काला धरून चालणारी असल्याने अनुवादात तिचे फारसे नुकसान होत नाही. मैफलीच्या आठवणींचे तसे नाही.

'मैफल जमली' हे साधे वाक्य घ्यावे. मराठीत हे क्रियापद अकर्मक आहे. मैफल कोणी जमवली, हे ते सांगत नाही. 'आवाज लागला', 'गाणे चढले', 'रंग भरला' हीही त्याच जातीची वाक्ये. गायक, साथीदार, श्रोते, वेळ, हवा, या साऱ्यांतून काहीतरी घडले आणि त्याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही, असा एक पुरा सौंदर्यविचार या व्याकरणात साठविलेला आहे. हिंदीत महफ़िल जमते, बंगालीत आसर जमतो. तमिळमध्ये कच्चेरी 'कळै कट्टुते', म्हणजे एखाद्याच्या मुखावर तेज चढावे तशी ती आपोआप उजळून येते. कन्नडमध्येही तेच क्रियापद आहे. इंग्रजीत मात्र अनुवादकाला बहुधा कर्ता शोधावा लागतो, आणि तो गायकालाच कर्ता करून टाकतो. मूळ लेखकाने जी गोष्ट मुद्दाम अनिर्णित ठेवली होती ती अनुवादात निश्चित होऊन बसते, आणि श्रोता नकळत वाक्यातून हद्दपार होतो. भारतीय भाषांनी ही पुस्तके इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून परस्परांकडून घ्यावीत, याला एवढे एक कारणही पुरेसे आहे. अर्थात् तेथेही सावधपणा हवा. दक्षिणेत कचेरी म्हणजे मैफल; मराठीत ती सरकारी कामाची जागा. उत्तम श्रोत्याला कचेरीतून उठवून कचेरीत बसविणारा अनुवाद कोणी केला, तर दोष कोशाला देता येणार नाही.

७

या लेखनाच्या परंपरेत एक मोठी उणीव आहे, आणि साक्षीची कसोटी लावल्यावर ती लपत नाही. मराठीतील मैफलीची आठवण बहुतांशी पुढच्या बैठकीवर बसलेल्या सुशिक्षित पुरुषाची आहे. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याने काय ऐकले, सारंगियाने काय ऐकले, माजघराच्या दारातून ऐकणाऱ्या स्त्रियांनी काय ऐकले, याची नोंद फारच थोडी. इंग्रजीत शीला धर यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत मोठमोठे कलावंत घरात वावरताना, जेवताना, रुसताना दिसतात. बडे गुलाम अलीखाँ यांचे अन्न आणि त्यांचे गाणे यांतील नाते तेथे हसत हसत पण गंभीरपणे उलगडते. नमिता देविदयाल यांच्या 'द म्युझिक रूम' (२००७) या पुस्तकात धोंडूताई कुलकर्णी यांच्या शिकवणीची खोली आहे. केसरबाई आणि अल्लादियाखाँ तेथे येतात ते एका गुरूच्या आठवणीतून, एका शिष्येच्या कानांनी. ही दोन्ही पुस्तके मुंबई-दिल्लीच्या संगीतजीवनातून निघाली. तरी ती मराठीत जन्माला आली नाहीत, याचा विचार मराठी लेखकांनी करावयास हवा. घरातल्या मैफलीत चहाचे पेले भरता भरता जिने उभ्या जन्मात शेकडो बैठका ऐकल्या, तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते असे मानणे धाडसाचे होईल.

आज परिस्थिती आणखी पालटली आहे. १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी एका वेळी हजारो माणसे ऐकतात, आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते. गाणे हरवण्याचे भय जवळजवळ संपले आहे. त्याबरोबर ते लक्षात ठेवण्याची निकडही मंदावली आहे. टेंब्यांना जे पुन्हा कधीच ऐकावयास मिळणार नव्हते, ते त्यांनी जीव एकवटून ऐकले आणि म्हणून लिहिले. आजच्या श्रोत्याला ते घरी जाऊन पुन्हा ऐकता येते, आणि पुष्कळदा तो ते ऐकतही नाही. पुढच्या शतकातील अभ्यासकाला आपल्या काळातील गाणे उदंड मिळेल. ते ऐकताना लोकांना काय झाले, हे त्याला कोठे सापडणार?

म्हणून गौरवग्रंथांच्या आणि नियतकालिकांच्या संपादकांनी लेखकांकडून विशेषणांऐवजी चार साध्या गोष्टी मागाव्यात: कोठे बसला होता, काय ऐकले, काय निसटले, आणि पुढे काय उमगले. एवढी उत्तरे प्रामाणिकपणे देणारा लेख साधा असला तरी चालेल. भास्करबुवांचे गाणे ऐकलेल्या आणखी दहा माणसांनी असे साधे लेख लिहिले असते, तर मराठी संगीतसमीक्षेला आज त्यांच्याविषयी बोलताना इतके अडखळावे लागले नसते.